शस्त्रक्रियेच्या वणावर केस आले नाहीत: स्काल्प मायक्रोपिगमेंटेशनचा आणि त्याआधीच्या उपायांचा माझा अनुभव

ज्यांच्या डोक्यावर शस्त्रक्रियेची चीर आहे आणि त्या चिरेवर केस परत आलेले नाहीत, त्यांच्यासाठी हा रिव्ह्यू लिहिते आहे. नेहमीच्या टकलाबद्दलचे रिव्ह्यू आपल्या फारसे कामाला येत नाहीत, कारण आपली अडचण वेगळी असते. पुढे बरंच लिहिलंय, म्हणून निकाल आधी सांगते. स्काल्प मायक्रोपिगमेंटेशन, म्हणजे डोक्याच्या कातडीत रंगाचे अगदी बारीक ठिपके भरून केसांच्या मुळांचा भास तयार करणं, अरुंद वणासाठी चांगलं काम करतं. मात्र वण जुना आणि शांत झालेला हवा, काम करणाऱ्याला वणाच्या कातडीची जाण हवी, आणि वणाच्या दोन्ही बाजूंना तुमचे स्वतःचे केस हवेत. यातलं एक जरी नसलं तरी थांबा.

माझी गाठ मेंदूच्या आवरणातली होती, मेनिन्जिओमा. साधी निघाली, पूर्ण निघाली. ती काढण्यासाठी डोक्याच्या उजव्या बाजूला, मागच्या अंगाला, घोड्याच्या नालेसारखी चीर दिली होती. स्टेपल निघाल्या, कापलेले केस वाढायला लागले, आणि मग हळूहळू लक्षात आलं की नालेच्या वरच्या वळणावर काहीच उगवत नाहीये. खालच्या दोन्ही बाजूंना वण दोऱ्यासारखा बारीक राहिला होता, तो केसांत झाकला जायचा. वळणावर मात्र तो आठ मिलिमीटर रुंद झाला होता. पांढरट, गुळगुळीत, उजेडात थोडा चमकणारा.

मी गणित शिकवते. फळ्याकडे वळलं की वर्गासमोर नेमकी तीच बाजू येते. मुलं चांगली आहेत, कोणी चकार शब्द काढला नाही, पण मागे शांतता जरा जास्तच झाली की मला कळायचं. गंमत अशी नाही, त्रास असा की तो वण मला स्वतःला कधीच दिसायचा नाही. मुलगी फोटो काढून दाखवायची तेव्हाच दिसायचा. ते फोटो पुढे फार उपयोगी पडले. तुम्हीही काढून घ्या: त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात, एकदा कोरड्या केसांचा आणि एकदा ओल्या. ओल्या केसांत वण खरा किती आहे ते दिसतं.

आता मुख्य गोष्ट. केस कशाने गेले हे कळल्याशिवाय काहीही विकत घेऊ नका. शस्त्रक्रियेनंतर केस वेगवेगळ्या कारणांनी जातात आणि आरशात सगळी कारणं सारखीच दिसतात.

मोठी शस्त्रक्रिया, ताप, उतरलेलं वजन यांचा धक्का शरीराला बसतो, आणि वाढीच्या अवस्थेतले बरेच केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात. ही अवस्था साधारण तीन महिन्यांची असते. म्हणून ऑपरेशन होऊन दोन-तीन महिने उलटले, आता सगळं सुरळीत झालं असं वाटत असतानाच उशीवर, कंगव्यात, न्हाणीघराच्या जाळीवर केसांचे पुंजके दिसायला लागतात. एरवी दिवसाला ५० ते १०० केस गळणं नेहमीचंच असतं, या काळात ते कितीतरी जास्त गळतात, आणि वणापाशीच नाही तर सगळ्या डोक्यावरून. यात मुळं जिवंत असतात. काही महिन्यांत गळती आपोआप थांबते आणि केस परत येतात. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, तेव्हा लांब केसांच्या बाईला पूर्वीचा शेपटा दिसायला वेळ लागतो, पण येतो.

चिरेच्या कडेने जाणाऱ्या केसांचं गणित निराळं आहे. कातडी मागे ओढून धरलेली असते, रक्त थांबवायला कडांना चिमटे लावलेले असतात, नंतर सूज येते. या सगळ्यात वणाच्या दोन्ही अंगांना विरळ पट्टा पडतो. त्यातले बरेच केस परत येतात. माझ्याही कडा सुरुवातीला फार भकास दिसत होत्या आणि नंतर त्यांतला मोठा भाग भरून आला. ऑपरेशन लांबलं आणि डोकं तासन् तास एकाच जागी टेकलेलं राहिलं तर दाबामुळे मागच्या बाजूला गोल चकती पडू शकते. डोकं स्थिर धरणाऱ्या शिकंज्याच्या टोकांच्या जागीही कधीकधी बारीक टक्कल राहतं. आणि ज्यांना झटके येऊ नयेत म्हणून औषध चालू आहे त्यांनी त्या औषधाचं नाव बघून डॉक्टरांना जरूर विचारावं. व्हॅल्प्रोएटने काहींचे केस गळतात, हे माहीत असलेली गोष्ट आहे. पण औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. झटका आला तर तो केसांपेक्षा फार महागात पडतो.

उरतो तो खुद्द वण. केसाचं मूळ कातडीच्या वरवर नसतं, ते खाली चरबीच्या थरापर्यंत गेलेलं असतं आणि तिरपं असतं. सुरी सरळ खाली गेली तर ही तिरपी मुळं मधेच कापली जातात. म्हणून जाणते सर्जन सुरीसुद्धा केसांच्या कलाने तिरपी धरतात. रक्त थांबवायला वरवर डाग दिले गेले तर उष्णतेनेही मुळं मरतात. शिवाय शिवलेल्या कातडीवर ताण राहिला तर वण महिनोन् महिने रुंदावत जातो. आतला मजबूत थर आधी नीट शिवला की तो ताण कातडीवर कमी येतो, पण सगळीकडे ते सारखं साधतंच असं नाही, आणि टाळूची कातडी मुळातच फारशी सैल नसते. वण म्हणजे घाव भरताना तयार झालेलं नवं कातडं. त्यात केसांची मुळं तयार होत नाहीत.

हे मला त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी डर्मोस्कोप लावून दाखवलं. तो भिंगाचा दिवा डोक्यावर टेकवला आणि पडद्यावर माझंच डोकं मोठं होऊन आलं. कडेला केस उगवतात ती बारीक छिद्रं दिसत होती, एकेका छिद्रातून दोन-दोन, तीन-तीन केस वर आलेले, मधे काही अगदी कोवळे, टोकदार केस नव्याने फुटलेले. बाईंनी भिंग हळूच आत सरकवलं तशी छिद्रं कमी होत गेली आणि मधल्या पट्टीवर एकही उरलं नाही. नुसती सपाट, फिकट गुलाबी कातडी आणि तिच्यातून गेलेल्या एक-दोन लालसर शिरा. "छिद्र दिसतं तिथे वाट बघायची, छिद्रच नाही तिथे वाट बघू नका," असं त्या म्हणाल्या. त्या तपासणीला फार वेळ लागला नाही, पण पुढचा सगळा खर्च कुठे करायचा आणि कुठे नाही हे त्यातच ठरलं. मी या प्रवासात घेतलेली सगळ्यात मोलाची सेवा कोणती असं विचाराल तर ती हीच.

त्याआधी एका ठिकाणी मला केसांत हातही न घालता प्लेटलेटच्या इंजेक्शनांचं पॅकेज सांगितलं होतं. स्वतःच्याच रक्तातले घटक टाळूत टोचतात ते. जिवंत पण मलूल झालेल्या मुळांसाठी ते दिलं जातं. माझ्या पट्टीत जागं करायला मूळच नव्हतं, आणि समोरच्याने तेवढं बघण्याचीही तसदी घेतली नाही. आजारातून उठलेल्या माणसाला असं काही विकायला बघणं मला फार लागलं. तिथून मी उठून आले.

मिनॉक्सिडिलचंही तेच. हे मुळात रक्तदाबाचं औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढतात असं दिसलं आणि त्यावरून डोक्याला लावायचा द्रव तयार झाला. १९८८ मध्ये अमेरिकेत त्याला केसांसाठी मान्यता मिळाली. कडेच्या विरळ पट्ट्यासाठी बाईंनी मला ते काही महिने लावायला दिलं, सर्जनना विचारून, जखम पूर्ण भरल्यावर. कडा भरल्या, पण त्या औषधाने भरल्या की नुसत्या वेळेने, हे सांगता येणार नाही. मधल्या पट्टीवर एक केस उगवला नाही, आणि तशी आशा बाईंनी दाखवलीही नव्हती. सिलिकॉन जेल वण मऊ आणि सपाट व्हायला चांगलं, केसांशी त्याचा संबंध नाही. केसांत ते चिकट होतं, म्हणून रात्री लावून सकाळी धुवायचे.

केराटिन फायबरबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण बहुतेक जण पहिल्यांदा तीच डबी घेतात. केसांच्या रंगाचा अगदी बारीक भुगा असतो. तो झटकून घातला की स्थिर विजेमुळे असलेल्या केसांना चिकटतो आणि केस दाट दिसतात. विरळ केसांवर परिणाम खरोखर बघण्यासारखा आहे. माझे विरळ झालेले कडेचे केस त्याने लगेच भरलेले दिसायचे. पण भुग्याला चिकटायला केस लागतो. आठ मिलिमीटरच्या गुळगुळीत पट्टीवर तो नुसता पडून राहायचा. मान हलवली, घाम आला, की ओघळून मानेवर. खडू आणि भुगा दोन्ही कॉलरवर घेऊन तासाला उभं राहणं मला जमेना. त्यावर धरून ठेवणारा स्प्रे मिळतो, त्याने थोडा फरक पडतो, मात्र रात्री ते सगळं धुवून काढावंच लागतं आणि वणाची कातडी रोजच्या चोळण्याने कोरडी पडते. तुमचा वण दोन-तीन मिलिमीटरचा असेल आणि कडेचे केस दाट असतील तर मात्र फायबर पुरेसे आहेत, पुढचं काही करायची गरजच नाही. रंग निवडताना मुळाशी केस ज्या रंगाचा आहे तो धरा, टोकाशी केस फिके झालेले असतात. आणि एमआरआयला जाताना डोकं स्वच्छ धुवून जा. रंगीत प्रसाधनांमध्ये लोहाचे ऑक्साइड असू शकतात आणि डोक्याच्याच स्कॅनमध्ये ते डोक्यावर नको.

टॉपर, म्हणजे चिमट्यांनी बसणारा केसांचा तुकडा, मी वापरून बघितला आणि ठेवून दिला. वस्तू चांगली होती. केस खरे होते, रंग जुळला होता. पण चिमटे नेमके कडेच्या नव्या केसांना ओढायचे, आणि सततच्या ओढीनेसुद्धा केस जातात. शिवाय चिरेच्या आसपासची माझी कातडी बधिर आहे. कातडीकडे येणाऱ्या नसा चिरेत कापल्या जातात, त्यामुळे बऱ्याच जणांना हे होतं. चिमटा रुतला तरी मला कळायचं नाही, संध्याकाळी काढल्यावर लाल वळ दिसायचा. केस वाळवायच्या ड्रायरचंही तसंच, बधिर जागी कातडी भाजली तरी जाणवत नाही, म्हणून मी तो गार हवेवरच ठेवते. एक गोष्ट फार महत्त्वाची: काही टॉपर चुंबकाने बसतात. ज्यांच्या डोक्यात पाणी वाहून नेणारी नळी, म्हणजे शंट, आहे आणि तिची झडप बाहेरून कमी-जास्त करता येणारी आहे, त्यांनी चुंबकाचं काहीही डोक्याजवळ नेण्याआधी न्यूरोसर्जनना विचारावं. चुंबकाने त्या झडपेची सेटिंग बदलू शकते. टॉपर विकणाऱ्याला हे ठाऊक असेलच असं धरून चालू नका.

मग प्रश्न होता केस रोपणाचा. हा वणासाठीचा खरा उपाय आहे, कारण त्याने तिथे खरोखरचे केस येतात. केस रोपणाची विद्या रूढ टकलासाठी प्रसिद्ध झाली, पण तिची सुरुवात आपल्यासारख्यांपासून झाली आहे. जपानचे डॉक्टर शोजी ओकुडा यांनी १९३९ मध्ये केस असलेल्या कातडीचे छोटे गोल तुकडे काढून वणामुळे टक्कल पडलेल्या जागी बसवल्याचं प्रसिद्ध केलं होतं. हे वाचून मला बरं वाटलं होतं. आता एकेक मूळ वेगळं काढून लावतात. वणाला रक्तपुरवठा कमी असतो, कातडी कडक असते, त्यामुळे लावलेली सगळी मुळं धरत नाहीत. म्हणून डॉक्टर एका बैठकीत दाट लावत नाहीत, आधी थोडी लावून बघतात, आणि निकाल दिसायला वर्ष किंवा त्याहूनही जास्त धरायचं. मला सल्ला देणाऱ्या डॉक्टरांनी हे सगळं न सजवता सांगितलं. मला मात्र पुन्हा भूल, पुन्हा टोचणं, पुन्हा डोक्यावर पट्टी, हे त्या वेळी नको होतं. मनाची तयारी नव्हती, आणि तेवढं कारण मला पुरेसं वाटलं. ज्यांचा वण रुंद आहे किंवा जे केस बारीक ठेवतात त्यांनी हा पर्याय नक्की नीट समजून घ्यावा. फारच रुंद टकलासाठी शेजारच्या केसाळ कातडीखाली फुगा ठेवून ती हळूहळू ताणतात आणि मग वण काढून तिथे आणतात. तो प्लास्टिक सर्जनचा विषय.

तर मायक्रोपिगमेंटेशन.

मी जिच्याकडे गेले त्या मुलीने पहिल्या भेटीत सुई हातातच घेतली नाही. तिने विचारलं ते असं: ऑपरेशन कधी झालं, वणाचा रंग अजून बदलतोय का, ऑपरेशनसाठी काढलेलं कवटीचं हाड परत बसवलंय का, ते धरणाऱ्या धातूच्या पट्ट्या कसल्या आहेत, शंट आहे का, रक्त पातळ करायचं औषध चालू आहे का, पुढचा एमआरआय कधी, कुठल्या रंगाची किंवा धातूची अ‍ॅलर्जी आहे का. मग बोटाने वण दाबून बघितला. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा गुलाबी होत होता. ती म्हणाली, "ताई, हा अजून कच्चा आहे. आत्ता रंग भरला तर उद्या वण बदलेल आणि माझं काम तिथेच राहील. सर्जनचं पत्र आणा आणि थोड्या महिन्यांनी या." वण पिकायला वर्षभर, कधीकधी त्याहून जास्त लागतं. हातचं गिऱ्हाईक परत पाठवणारी ती पहिली होती आणि तिथेच माझा विश्वास बसला.

परत गेले तेव्हा वण फिका आणि मऊ झाला होता. आधी तिने वणाच्या खालच्या टोकाला, केसांत लपेल अशा जागी, मोजके ठिपके टाकले आणि काही आठवड्यांनी ते कसे बसले ते बघितलं. वणाची कातडी एकसारखी नसते. कुठे रंग धरत नाही, तर कुठे तो शाई टिपकागदावर पसरावी तसा पसरतो. माझ्या वणात मधोमध रंग धरत होता आणि एका कडेला पसरत होता. त्या कडेला तिने पुढे ठिपके आणखी लहान आणि विरळ ठेवले. हे आधी कळलं नसतं तर तिथे निळसर डाग झाला असता.

रंगाबद्दल तिला मी खोदून विचारलं, कारण माझे स्कॅन चालूच राहणार आहेत. टॅटूच्या काही रंगांत लोहाचे ऑक्साइड असतात आणि एमआरआयमध्ये क्वचित त्या जागी गरम किंवा चुरचुरल्यासारखं वाटू शकतं. तिने बाटलीवरची घटकांची यादी दाखवली. कार्बनचा काळा रंग होता, लोह नव्हतं. मी यादीचा फोटो काढून माझ्या स्कॅनच्या फाइलला लावून ठेवलाय. एमआरआयच्या आधी भरायच्या फॉर्मवर टॅटूचा प्रश्न असतो, तिथे हे काम सांगायचं असतं. केसांत आहे, दिसत नाही, म्हणून बरेच जण ते लिहायचं विसरत असतील. मी माझा ठरलेला स्कॅन आधी उरकून मगच काम सुरू केलं.

काम बैठकींमध्ये होतं, मधे काही आठवडे सोडून. केसांचे पदर पिनांनी दोन्हीकडे बाजूला केले, वण उघडा केला, आणि ती भिंगातून बघत एकेक ठिपका देत गेली. टॅटूपेक्षा सुई उथळ चालवतात, कातडीच्या वरच्या थरात. मधल्या बधिर पट्टीवर मला काही कळलं नाही, फक्त हाडातून यंत्राची गुणगुण ऐकू येत होती. कडेला मात्र चांगलंच टोचत होतं. ठिपके ओळीने नाहीत, शेजारच्या मुळांची मांडणी बघून वेडेवाकडे, कुठे दोन जवळ, कुठे मोकळी जागा. पहिल्या बैठकीनंतर ते इतके काळे दिसले की माझा जीव धसकला. तिने आधीच सांगितलं होतं, खपल्या पडल्या की ते लहान आणि फिके होतील. झाले. दुसऱ्या बैठकीत तिने मधल्या जागा भरल्या आणि पहिल्यातले जे उडाले होते ते परत दिले.

काही दिवस डोकं धुवायचं नाही, घाम येईल असं काही करायचं नाही, खपली खाजवायची नाही, उन्हात उघडं डोकं न्यायचं नाही. बधिर कातडीला नंतर अधूनमधून कोरडी खाज येते, ती सहन करावी लागते. जखमेत पू, वाढती लाली किंवा ताप आला असता तर तिला फोन न करता सरळ डॉक्टरांकडे जायचं, हे तिनेच मला लिहून दिलं होतं.

आता परिणाम. केस कोरडे आणि विंचरलेले असताना वण दिसत नाही. मुद्दाम शोधला तरी दिसत नाही. पूर्वी फिक्या कातडीची पट्टी काळ्या केसांतून डोकवायची, तो फरक मोडला आणि नजर अडायचं कारणच गेलं. त्यावर थोडे फायबर घातले तर आणखी दाट वाटतं, पण रोज मी घालत नाही. ओल्या केसांत जवळून बघितलं तर काही तरी आहे एवढं कळतं. तिरप्या उजेडात वण अजूनही चमकतो, कारण रंगाने कातडीचा पोत बदलत नाही. वण खोल किंवा उंच असेल तर ठिपक्यांनी तो सपाट दिसणार नाही, ही अपेक्षा ठेवून जाऊ नका. हात फिरवला तर तिथे केस नाहीतच. मला ते चालतं. फळ्याकडे वळताना आता माझं लक्ष गणितात असतं.

रंग हळूहळू फिका होतो आणि काही वर्षांनी पुन्हा हात मारावा लागतो. माझा कडेचा भाग थोडा फिका व्हायला लागलाय. उन्हाने लवकर उडतो, म्हणून मी बाहेर डोकं झाकते. आणखी एक गोष्ट मला तिने सुरुवातीलाच विचार करायला लावली होती: केस पांढरे होतील तेव्हा काळे ठिपके उलट उठून दिसतील. म्हणून तिने रंग माझ्या केसांपेक्षा एक छटा फिका घेतला. ज्यांचे केस बरेच पिकलेत आणि जे रंगवत नाहीत, त्यांना हे काम जमेल असं मला वाटत नाही. लेसरने ठिपके काढता येतात, पण वणावर पुन्हा लेसर कशाला?

ज्यांचे वण जाड, उंच, पसरत जाणारे आहेत, त्यांनी हे करू नये, सुईच्या टोचण्याने ते आणखी वाढू शकतात. ज्यांचं हाड अजून परत बसवलेलं नाही, ज्यांच्या टाळूवर सोरायसिस किंवा संसर्ग आहे, ज्यांचे रेडिएशनचे उपचार चालू आहेत, त्यांनी डॉक्टर हो म्हणेपर्यंत स्टुडिओची पायरीही चढू नये. काम करणाऱ्याकडे वणावर केलेल्या कामाचे फोटो मागा, ताजे नको, वर्षभरानंतरचे. नुसतं टकलावरचं काम दाखवलं तर तेवढ्यावर ठरवू नका. चाचणीचे ठिपके द्यायला जो तयार नाही त्याच्याकडे डोकं देऊ नका.

आणि हे वाचणाऱ्यांत कोणाची शस्त्रक्रिया अजून व्हायची असेल तर त्यांनी आधीच सर्जनना चीर कुठून जाणार ते विचारावं. केसांबद्दल विचारायला संकोच वाटतो, जीवाचा प्रश्न असताना हे काय, असं वाटतं. पण विचारलं म्हणून कोणी रागावत नाही. चीर जिथून घ्यायला हवी तिथूनच घेतली जाणार, पण जिथे मुभा असते तिथे केसांच्या रेषेमागून घेता येते, सरळऐवजी नागमोडी घेता येते. नागमोडी चिरेवर केस आडवे पडतात आणि ती झाकली जाते, सरळ चिरेपाशी ओले केस भांग पाडल्यासारखे दुभंगतात. सगळं डोकं न भादरता फक्त चिरेपुरते केस काढूनही पुष्कळ शस्त्रक्रिया होतात. ज्यांची होऊन गेली आहे आणि अजून वर्षही झालं नाही, त्यांनी मात्र आत्ता फक्त दोन गोष्टी कराव्यात: दर महिन्याला फोटो, आणि त्वचारोगतज्ज्ञाकडून एकदा डर्मोस्कोपने तपासणी. छिद्रं दिसली तर बाकीचे पैसे तुमच्याच खिशात राहतील.